कर्ता, संख्या आणि आज्ञार्थ : रेडॉन-न्यूनीकरणाच्या गृहस्थोपयोगी गद्याची समीक्षा

गृहस्थाला उद्देशून लिहिलेले शास्त्रीय गद्य हा लेखनप्रकार समीक्षेच्या कक्षेत सहसा येत नाही. पाणी कसे शुद्ध करावे, विजेची जोडणी कशी तपासावी, घरातील हवा कशी राखावी हे सांगणाऱ्या पुस्तिका वाचल्या जातात आणि बाजूला ठेवल्या जातात; त्यांच्या वाक्यरचनेची चिकित्सा करावी असे कोणास वाटत नाही. वस्तुतः ललित वाङ्मयातील एखादे वाक्य फसले तर वाचकाचा रसभंग होतो, एवढेच. गृहस्थोपयोगी पुस्तिकेतील वाक्य फसले तर वाचक चुकीची कृती करतो, किंवा मुळीच करीत नाही. घरातील रेडॉन वायूचे प्रमाण कमी करण्याविषयी गेल्या चार दशकांत जे लेखन झाले, ते या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. या विषयातील शास्त्र बव्हंशी निश्चित झालेले आहे, उपायही सिद्ध झालेले आहेत. अडचण उरते ती वाक्याची.

प्रस्तुत समीक्षेसाठी मुख्यत्वे दोन ग्रंथ समोर ठेवले आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची 'अ सिटिझन्स गाइड टु रेडॉन' ही पुस्तिका १९८६ साली प्रथम प्रसिद्ध झाली आणि पुढे अनेकदा सुधारली गेली. ती सामान्य नागरिकासाठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा घरांतर्गत रेडॉनविषयीचा ग्रंथ २००९ सालचा असून तो शासनांसाठी व तज्ज्ञांसाठी आहे. या दोहोंची तुलना केली असता असे दिसते की, या गद्यातील दोषांचे मूळ व्याकरणाच्या तीन स्थानी आहे : कर्ता, संख्या आणि आज्ञार्थ.

१. विषयाचे स्वरूप

रेडॉन हा युरेनियमच्या क्षयमालेतील वायू होय. खडकांत व मातीत अल्प प्रमाणात असलेल्या युरेनियमपासून कालांतराने रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन निर्माण होतो. त्यास रंग नाही, वास नाही, चव नाही. तो ज्या गटात मोडतो त्या वायूंना मराठी क्रमिक पुस्तकांत राजवायू किंवा निष्क्रिय वायू म्हणतात. 'निष्क्रिय' हे विशेषण येथे फसवे आहे. रेडॉन कोणत्याही पदार्थाशी सहसा संयोग पावत नाही, म्हणूनच तो मातीच्या कणांतून सुटून मोकळेपणाने वर येऊ शकतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने जी निष्क्रियता, तीच त्याच्या प्रवासास साहाय्यभूत ठरते.

रेडॉनचे अर्धायुष्य सुमारे ३.८ दिवसांचे आहे. त्याच्या क्षयातून पोलोनियम, शिसे व बिस्मथ यांची अल्पायुषी किरणोत्सर्गी रूपे निर्माण होतात. हे घन कण हवेतील धुळीला चिकटतात, श्वासावाटे फुप्फुसात जाऊन तेथे बसतात, आणि त्यांपैकी पोलोनियमच्या रूपांतून बाहेर पडणारे आल्फा कण पेशींना इजा करतात. म्हणजे ज्याच्या नावाने इशारा दिला जातो तो रेडॉन स्वतः बव्हंशी उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतो. हानी करते ती त्याची संतती.

या व्याधीचा इतिहास दीर्घ आहे. सॅक्सनीतील श्नेबर्ग येथील खाणकामगारांना होणारा फुप्फुसांचा प्राणघातक विकार ही एक प्रकारची मारक गाठ आहे, असे १८७९ साली हार्टिंग व हेस या वैद्यकांनी दाखविले. १९८८ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रेडॉनची गणना मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांत केली. खाणीतला हा प्रश्न घरातलाही आहे, याकडे अमेरिकन जनतेचे लक्ष १९८४ च्या डिसेंबरात वेधले गेले. पेनसिल्व्हानियातील लिमरिक अणुवीज केंद्राचे काम तेव्हा पूर्ण व्हावयाचे होते. तेथील एका अभियंत्याने केंद्रात पाऊल टाकताच किरणोत्सर्ग-दर्शक यंत्रे वाजू लागली. तपासाअंती किरणोत्सर्ग केंद्रातला नसून त्याच्या घरातून अंगावर आलेला आहे, असे आढळले. त्या घरातील प्रमाण दर लिटरला सुमारे २,७०० पिकोक्युरी, म्हणजे दर घनमीटरला सुमारे १,००,००० बेकरेल इतके होते. पुढे उपाय करून तेही घर पुन्हा राहण्याजोगे करता आले.

२. कर्ता

रेडॉन-विषयक लोकप्रिय गद्यात क्रियापदाचा कर्ता बहुधा रेडॉन असतो. रेडॉन जमिनीतून वर येतो, भेगांतून आत शिरतो, घरात साठतो. 'सिटिझन्स गाइड' मध्ये रेडॉन घरात कोठकोठून येतो याची यादी दिलेली आहे : जमिनीतील भेगा, बांधकामाचे सांधे, भिंतींतील चिरा, नळांभोवतीच्या फटी, भिंतींतील पोकळ्या, पाणीपुरवठा. वृत्तपत्री लेखनात याच कर्त्याला 'अदृश्य मारेकरी' हे विशेषण लागते आणि वायूला हेतू असल्याचा भास निर्माण होतो.

यादीतील एकही बाब असत्य नाही. तथापि या वाक्यरचनेने कारण झाकले जाते. घरातील ऊबदार हवा हलकी होऊन वर चढते व वरच्या भागातून बाहेर पडते. परिणामी तळाशी हवेचा दाब जमिनीतील हवेच्या दाबापेक्षा किंचित कमी होतो. पंखे, चुली, कपडे वाळविण्याची यंत्रे हवा बाहेर टाकतात, त्यामुळे ही तूट वाढते. ही तूट भरून काढण्यासाठी घर जमिनीतील हवा आत ओढते आणि त्या हवेबरोबर रेडॉन येतो. शीत देशांत हिवाळ्यात दारे-खिडक्या बंद करून घर तापविले जाते, तेव्हा सामान्यतः प्रमाण अधिक आढळते त्याचे कारण हेच. तात्पर्य, या घटनेचा व्याकरणदृष्ट्या योग्य कर्ता घर हा आहे. रेडॉन हे कर्म आहे.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. रेडॉन शिरतो असे वाचणारा गृहस्थ साहजिकच शिरण्याच्या वाटा बंद करावयास निघतो. भेगांत सिमेंट वा लांबी भरून तो निश्चिंत होतो. परंतु केवळ भेगा बुजविल्याने प्रमाण खात्रीने किंवा पुरेसे कमी होत नाही, हे अमेरिकन संस्थेनेच नमूद केलेले आहे. ओढ कायम असेल तर हवा उरलेल्या एखाद्या फटीतून येतेच. ज्याच्या ध्यानी घराची ओढ आली, त्याला मात्र खरा उपाय आपोआप उलगडतो. तळाच्या काँक्रीटच्या कोब्याला छिद्र पाडून त्यातून एक नळी खालच्या खडीपर्यंत नेतात, ती छपराच्या वर काढतात, आणि राहत्या भागाबाहेर, उदाहरणार्थ पोटमाळ्यावर, तिला अखंड चालणारा पंखा जोडतात. पंख्यामुळे कोब्याखालचा दाब घरातील दाबापेक्षाही कमी होतो. घर जे ओढत होते ते आता नळी ओढते. अशा पद्धतीने काही घरांतील प्रमाण ९९ टक्क्यांपर्यंत घटल्याचे नमूद आहे. भेगा बुजविण्याचे काम या योजनेतही करतात, पण ते पंख्याची ओढ वाया जाऊ नये म्हणून. मुख्य उपाय आणि साहाय्यक उपाय यांचे हे नाते पहिल्या वाक्याचा कर्ता चुकला की उलटे होते.

न्यायबुद्धीने हे सांगितले पाहिजे की, याच संस्थेच्या 'कन्झ्युमर्स गाइड टु रेडॉन रिडक्शन' या दुसऱ्या पुस्तिकेत दाबातील फरकाचे कारण स्पष्टपणे दिलेले आहे. पण ती पुस्तिका वाचक हाती घेतो तो मोजणी झाल्यानंतर. पहिल्या वाचनात मनात ठसलेले घुसखोराचे चित्र दुसऱ्या वाचनाने पुसले जातेच असे नाही.

नामकरणाच्या इतिहासात याचे एक अनपेक्षित समांतर आढळते. या वायूला आरंभी 'रेडियम-एमनेशन', म्हणजे रेडियमपासूनचे निःसरण, असे म्हणत. मध्यंतरी 'निटॉन' हे नाव सुचविले गेले. आणि १९२३ च्या सुमारास 'रेडॉन' हे नाव रूढ झाले. पहिले नाव घटनेचे होते, अखेरचे वस्तूचे आहे. रसायनशास्त्राला वस्तूचे नाव आवश्यकच होते. परंतु गृहस्थाला समजून घ्यावयाची असते ती घटना.

३. संख्या

दुसरा दोष संख्येसंबंधी आहे. अमेरिकन पुस्तिकेत दर लिटरला ४ पिकोक्युरी, म्हणजे दर घनमीटरला १४८ बेकरेल, ही कृतीची पातळी सांगितलेली आहे. त्या पातळीला वा तिच्या वर घर दुरुस्त करावे, आणि २ ते ४ यांच्या दरम्यान दुरुस्तीचा विचार करावा, असा उपदेश आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली १०० बेकरेल ही संदर्भ-पातळी सुचविली आणि ती एखाद्या देशात साध्य नसेल तर ३०० च्या वर जाऊ नये, असे म्हटले. कॅनडात २००, ब्रिटनमध्ये २०० ही कृतीची व १०० ही लक्ष्याची पातळी, युरोपीय संघाच्या २०१३ च्या निर्देशानुसार ३०० पेक्षा अधिक नसलेली राष्ट्रीय पातळी, अशी ही विविधता आहे. फुप्फुस सर्व देशांत एकच असते. तेव्हा या संख्या शरीराच्या सहनशक्तीच्या नव्हेत, हे उघड आहे. त्या शासनांच्या निर्णयाच्या संख्या आहेत. त्यांत उपायांची साध्यता, खर्च, भूरचना आणि धोरण या साऱ्यांचा हिशेब मिसळलेला आहे.

तेरा युरोपीय अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २००५ साली प्रसिद्ध झाले. दीर्घकालीन सरासरी प्रमाण दर १०० बेकरेलने वाढले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो, आणि ज्याच्याखाली धोका नाही असा कोणताही उंबरठा आढळत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. त्याच विश्लेषणानुसार वयाच्या ७५ व्या वर्षापर्यंतचा धोका, आयुष्यात कधीही धूम्रपान न केलेल्यांत, प्रमाण शून्य, १०० व ४०० बेकरेल असताना अनुक्रमे सुमारे ०.४, ०.५ व ०.७ टक्के येतो. धूम्रपान करणाऱ्यांत तो सुमारे १०, १२ व १६ टक्के येतो. या दोन रांगा शेजारी ठेवल्या की एकाच संख्येचे दोन अर्थ दिसू लागतात. १०० बेकरेल हा आकडा एका घरात किरकोळ वाढ दर्शवितो, दुसऱ्या घरात शंभरांत दोन माणसे.

असे असूनही वाचकाच्या मनात ४ ही संख्या लक्ष्मणरेषा होऊन बसते. ३.९ आले की सुटकेचा निःश्वास, ४.१ आले की धावपळ. वास्तविक दोन-चार दिवसांच्या मोजणीत ऋतू, वारा व खिडक्यांची उघडझाप यांमुळे याहून मोठा फरक पडतो. याचा दोष वाचकाकडे देणे योग्य नव्हे. ४ च्या खालीही धोका असतो, असे पुस्तिका सांगते. पण 'दुरुस्त करा' हे ठसठशीत क्रियापद ४ ला जोडलेले आहे आणि 'विचार करा' हे सौम्य क्रियापद त्याखालच्या आकड्यांना. क्रियापदांच्या या उतरंडीतून वाचक जो अर्थ काढतो तो गद्यानेच सुचविलेला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथात संदर्भ-पातळी म्हणजे सुरक्षितता व धोका यांमधील ताठर सीमारेषा नव्हे, असा खुलासा निःसंदिग्धपणे केलेला आहे. या विषयावरील सर्वांत आवश्यक विधान बहुधा हेच असेल. परंतु ते धोरणकर्त्यांच्या ग्रंथात आहे. ज्याच्या घरात वायू आहे त्याच्या हाती तो ग्रंथ क्वचितच पडतो.

सीमारेषेच्या या भ्रमाचा सार्वजनिक परिणामही आहे. अतिउच्च प्रमाणाची घरे थोडी असतात आणि मध्यम वा अल्प प्रमाणाची घरे असंख्य. म्हणून रेडॉनजन्य कर्करोगांपैकी बहुसंख्य हे अल्प व मध्यम प्रमाणातूनच उद्भवतात. ब्रिटनमध्ये अशा मृत्यूंची संख्या वर्षाला सुमारे १,१०० मानली जाते. तेथील २००९ सालच्या एका अभ्यासाने असा निष्कर्ष काढला की, नव्या बांधकामात सर्वत्र तळाशी वायुरोधक पडदा घालण्यासारखा साधा उपाय खर्चाच्या मानाने अत्यंत फलदायी ठरेल. उलट जुन्या घरांतून उच्च प्रमाणाची घरे शोधून ती दुरुस्त करण्याचे तत्कालीन धोरण मृत्यू कमी करण्यास फारसे उपयोगी पडत नाही. संख्येभोवती रचलेले गद्य मात्र लक्ष वेधते ते रेषेपलीकडील घरांकडे. जेथे हानीचा मोठा वाटा आहे, तो रेषेअलीकडील प्रदेश त्यात अनुक्त राहतो.

याच्या विरुद्ध एक सबळ आक्षेप संभवतो. गृहस्थाला काय करावे हे सांगावयाचे तर एक आकडा द्यावाच लागतो. धोक्याचा अखंड चढ समजावून सांगत बसल्यास तो काहीच करणार नाही. हा आक्षेप अंशतः मान्य केला पाहिजे. आकडा देण्यास हरकत नाही. हरकत आहे ती आकड्याची जात न सांगण्यास. 'येथून पुढे उपाय अवश्य करावा असे शासनाने ठरविले आहे' आणि 'येथपर्यंत भय नाही' ही दोन विधाने एक नव्हेत. पहिले खरे आहे, दुसरे खोटे.

४. आज्ञार्थ

तिसरा प्रश्न आज्ञार्थाचा. 'मोजणी करा', 'घर दुरुस्त करा' या वाक्यांत कर्ता अध्याहृत असतो. तो कोण? पुस्तिकेच्या रचनेवरून तो स्वतःच्या मालकीच्या घरात राहणारा, कोब्याला छिद्र पाडण्याचा अधिकार असलेला आणि खर्च सोसू शकणारा मनुष्य होय. अमेरिकेत घराच्या खरेदी-विक्रीच्या वेळी रेडॉनची मोजणी करण्याची चाल पडली आहे आणि त्या व्यवहारासाठी संस्थेची वेगळी पुस्तिकाही आहे. न्यू जर्सी, पेनसिल्व्हानिया येथे घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना हा शब्द प्रथम भेटतो तो बहुधा याच प्रसंगी. भाडेकरू मात्र या आज्ञार्थाच्या बाहेर राहतो. तोही तीच हवा घेतो, परंतु आज्ञा पाळण्याचे साधन त्याच्यापाशी नसते.

नॉर्वेने हा अध्याहृत कर्ता उघड केला. तेथील नियमानुसार १ जानेवारी २०१४ पासून भाड्याने दिलेल्या घरांतील प्रमाण २०० बेकरेलच्या आत ठेवण्याची आणि १०० च्या वर गेल्यास उपाय करण्याची जबाबदारी घर भाड्याने देणाऱ्यावर आहे. येथे आकडे आहेत, पण त्यांच्या आधी कर्ता आहे. रेडॉन-न्यूनीकरणाच्या गद्यात शैलीचा प्रश्न आणि न्यायाचा प्रश्न कसे एकत्र येतात, हे या नियमावरून स्पष्ट होते.

आज्ञार्थात काळाचाही एक दोष आहे. 'दुरुस्त करा' हे क्रियापद एकदा घडून संपणाऱ्या क्रियेचे आहे. नळी आणि पंखा यांची योजना मात्र पंखा फिरत असेपर्यंतच उपयुक्त असते. म्हणून नळीवर इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची, रंगीत द्रव असलेली दाबदर्शक नळी बसवितात. दोन्ही बाजूंचा द्रव समपातळीत आला की पंख्याची ओढ थांबली, असे समजावे. योजना बसविल्यावर पुन्हा मोजणी करावी लागते, आणि पुढेही दर दोन वर्षांनी ती करावी, अशी शिफारस आहे. क्रिया अखंड चालणारी असेल तर क्रियापदही तसेच हवे : 'दुरुस्त करा' पेक्षा 'कमी राखा' हे अधिक यथार्थ होय.

५. मराठी गद्यापुढील प्रश्न

या विषयावर मराठीत विस्तृत लेखन अद्याप व्हावयाचे आहे. महाराष्ट्राचा मोठा भाग बेसाल्ट खडकाचा आहे. त्यात युरेनियमचे प्रमाण ग्रॅनाइटच्या मानाने सामान्यतः कमी असते. घरे तापविण्याची गरज नाही आणि खिडक्या बहुधा उघड्या असतात. तेव्हा परदेशी भय जसेच्या तसे आयात करण्याचे कारण नाही. परंतु महाराष्ट्राची सारी भूमी बेसाल्टची नाही, आणि वातानुकूलित बंद खोल्या व तळघरे शहरांतून वाढत आहेत. मोजणीची साधने देशातच उपलब्ध आहेत. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात या कामासाठी सूक्ष्मछिद्रांचे मापक विकसित झालेले आहे. भाषेची तयारीही तितकीच आवश्यक आहे.

पहिला प्रश्न पारिभाषिक संज्ञांचा. इंग्रजीत या उपाययोजनेस अमेरिकेत 'मिटिगेशन', ब्रिटनमध्ये 'रेमिडिएशन' म्हणतात. जर्मन भाषेत 'सानीरुंग' हा शब्द आहे. पहिल्याच्या मुळाशी सौम्य करणे, दुसऱ्याच्या मुळाशी औषधोपचार, तिसऱ्याच्या मुळाशी बरे करणे अशी कल्पना आहे. मराठीत 'निवारण' हा शब्द सहज सुचेल, पण तो टाळावा. बाहेरच्या हवेतही रेडॉन असतोच, आणि ज्याचे निवारण झाले ते उरले नाही असा मराठी वाचकाचा समज होतो. 'न्यूनीकरण' हा शब्द जड असला तरी खोटे आश्वासन देत नाही; आणि पुस्तिकेत तर 'कमी करणे' एवढेच पुरे. त्याचप्रमाणे संदर्भ-पातळीचे भाषांतर 'सुरक्षित मर्यादा' असे कदापि होऊ नये. हा केवळ शब्दाचा नव्हे, तर तथ्याचा प्रमाद ठरेल.

दुसरा प्रश्न अनुभवाचा. पेव किंवा जुनी विहीर उघडली की आत दिवा सोडून पाहावयाची आणि तो मंदावला तर उतरावयाचे नाही, ही रीत मराठी समाजाला परिचित आहे. वाईट हवेची ही कल्पना रेडॉनच्या बाबतीत दिशाभूल करील. त्याने दिवा मंदावत नाही, जीव गुदमरत नाही. मोजणीवाचून त्याचे अस्तित्व कळण्यास मार्ग नाही. जुन्या अनुभवाचा दाखला द्यावयाचा तो सादृश्यासाठी नव्हे, भेद दाखविण्यासाठी.

तिसरा प्रश्न शासकीय मराठीच्या एका सवयीचा आहे. 'मोजणी करण्यात यावी', 'उपाययोजना करण्यात यावी' या रचनेत कर्त्याचे स्थानच उरत नाही. इंग्रजी आज्ञार्थात कर्ता निदान अध्याहृत असतो. या कर्मणी विध्यर्थात तो लुप्त होतो. ज्या विषयात जबाबदारी मालकाची, बांधणाऱ्याची की शासनाची हाच कळीचा प्रश्न आहे, तेथे ही रचना सर्वांत घातक ठरेल.

या दोषांपासून मुक्त असे मराठी गद्य अशक्य नाही. 'घरातील हवेचा दाब जमिनीतील हवेपेक्षा किंचित कमी असतो, म्हणून घर जमिनीतील वायू ओढून घेते. त्यात रेडॉन असतो. तो जितका अधिक, तितका फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अधिक. धूम्रपान करणाऱ्याला तो कितीतरी पट अधिक. अमुक आकड्यापुढे घरमालकाने उपाय केलाच पाहिजे असे ठरले आहे. त्याखाली धोका कमी आहे, नाहीसा नाही. कोब्याखालून हवा ओढणारा पंखा बसवावा, तो सतत चालू ठेवावा आणि पुन्हा मोजून पाहावे.' या सात वाक्यांत एकही दुर्बोध शब्द नाही. त्यांत घर कर्ता आहे, संख्येची जात सांगितली आहे आणि आज्ञा कोणास आहे हे उघड आहे. रेडॉन-न्यूनीकरणाच्या पुस्तिकांची परीक्षा यापुढे तज्ज्ञांनी मजकुराच्या अचूकतेवरून करावीच. भाषाभ्यासकांनी ती या तीन स्थानांवरून करावी. नळी आणि पंखा यांची योजना सिद्ध होऊन अनेक वर्षे लोटली आहेत. ती घरोघरी पोहोचण्याचा मार्ग वाक्यातूनच जातो.